ताईजी जेवायला येतात

ताईजी रागावल्या की शुद्ध मराठी बोलायच्या. एरवी त्यांची भाषा अस्सल इंदुरी. "अरे भिया, ती फाइल उधरच रख दे ना, मी आत्ता देखते," असं एका दमात बोलून त्या पुढे गेलेल्या असायच्या. पण कोणी अर्धवट काम समोर ठेवलं की त्या चष्मा काढायच्या, टेबलावर पालथा ठेवायच्या आणि सावकाश म्हणायच्या, "आपण हे पुन्हा एकवार वाचून पाहावे, अशी माझी आपणांस विनंती आहे." त्या 'आपणांस'नं अख्खा मजला चिडीचूप व्हायचा.

मी सांगलीहून नोकरीसाठी इंदूरला आलो तेव्हा माझी नेमणूक त्यांच्याच हाताखाली झाली. विजयनगरच्या बाजूला काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. विम्याचे दावे तपासायचं काम. ताईजी त्या विभागाच्या प्रमुख. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. उंच, ताठ, अंगावर कडक खळीची सुती साडी आणि पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट का, असं मी एकदा भीतभीत विचारलं तर म्हणाल्या, "आजोबा फौजेत, बाबा फौजेत. आमच्या घरात चप्पल घातलेल्या माणसावर कुणी भरोसा करत नाही." मी दुसऱ्या दिवसापासून बूट घालायला लागलो.

त्या महूला राहायच्या, वडिलांनी बांधलेल्या घरात, एकट्या. तिथून रोज स्कूटरनं ऑफिसला यायच्या. आम्हाला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. ज्याचं जे गाव, ते त्याचं नाव. मी 'सांगली'. बाजूला बसायचा तो 'उज्जैन'. मनुष्यबळ विभागातली तरतरीत मुलगी 'देवास'. शाखेचे मोठे साहेब पुण्याहून बदलून आले तेव्हा त्यांनाही 'पुणे' म्हणून हाक गेली. साहेबांनी नम्रपणे सुचवलं की ऑफिसात सर म्हटलेलं बरं. ताईजींना पटलं. तेव्हापासून त्या त्यांना 'पुणेसर' म्हणू लागल्या.

दुपारी सगळे डबे उघडले की ताईजी चमचा घेऊन उठायच्या. त्यांचा स्वतःचा डबा महूच्या एका खाणावळीतून यायचा. तो त्या मधल्या टेबलावर सर्वांसाठी उघडा ठेवून द्यायच्या आणि स्वतः आमच्या डब्यांतून चमचा चमचा खात फिरायच्या. एकदा देवासच्या डब्यातली वांग्याची भाजी तोंडात घालून त्या थबकल्या.

"ही भाजी आईनं नाही केली."

"नाही ताईजी. आईला कालपासून ताप आहे. मीच केली."

"मग तू इथे काय करतेस? जा घरी. रजेचा अर्ज मी लिहिते."

भाजीच्या चवीवरून ताईजींना दुसऱ्याच्या घरातलं आजारपण कळायचं. मला त्याची आधी गंमत वाटायची, मग हळूहळू धाक वाटायला लागला.

पुढे मुख्यालयातून मेल आला. प्रत्येक शाखेनं आपल्या शहरातल्या वृद्धांसाठी खाद्यपदार्थ गोळा करावेत, वाटप करावं, फोटो पाठवावेत. देवासनं मोठं खोकं आणलं, त्याला सोनेरी कागद लावला आणि दारापाशी ठेवलं. आठवडा संपेपर्यंत ते काठोकाठ भरलं. आम्हाला आमचंच कौतुक वाटलं.

ताईजींनी ते खोकं उचललं, मीटिंगच्या खोलीत नेलं आणि लांबलचक टेबलावर पालथं केलं. नूडल्सची पाकिटं, ग्रीन टी, कॉर्नफ्लेक्स, दिवाळीपासून पडून राहिलेले सुक्या मेव्याचे डबे, दगडासारखी चिक्की, लसणाची जहाल शेव, आणि एक ऑलिव्हची बाटली, जी आपण आणली असं शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही.

"बसा सगळे," ताईजी म्हणाल्या. "आजचं जेवण हेच. डबे कुणी खोलायचे नाहीत."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. पुणेसरांसमोर चिक्कीचा तुकडा ठेवून म्हणाल्या, "घ्या. पण दात लावायचे नाहीत. तुम्हाला दात नाहीत असं समजा." साहेबांनी खरंच तो गालात धरला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. उज्जैनला जहाल शेव दिली आणि सांगितलं, तुला अल्सर आहे असं समज. मला कॉर्नफ्लेक्स आले. दूध मागितलं तर म्हणाल्या, "दूध आणायला जिना उतरावा लागतो. तुझे गुडघे गेलेत."

मग चष्मा काढला. "आपल्या कपाटात जे नको होते, ते आपण आणलेले आहे. भुकेल्या माणसाला आपण आपले कपाट रिकामे करावयास बोलावले आहे." जरा थांबून त्यांनी विचारलं, "आपण हे ज्यांच्यासाठी जमवले, त्यांपैकी एकाचे तरी नाव कोणी सांगू शकेल काय?"

देवासनं खोक्याचा सोनेरी कागद सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि परदेशीपुऱ्यात नेलं. कापड गिरण्या बंद पडून किती तरी वर्षं झाली होती. गिरणीत राबलेले लोक त्या गल्ल्यांमध्ये म्हातारे झाले होते आणि त्यांची मुलं सुरत, पुणे, बंगळूर अशी पांगली होती.

"ताईजी, निदान बिस्किटं तरी घ्यायची का सोबत? रिकाम्या हातानं जायचं?"

"भरल्या हातानं गेलं की लोक हाताकडे बघतात, सांगली. मला त्यांच्या तोंडाकडे बघायचंय."

पहिल्याच दारात एक आजी उभ्या होत्या. काही विकायला आलोय की काय, या संशयानं आमच्याकडे पाहत होत्या. ताईजींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आजी, नमस्कार. धूपेतून आलो. भूक लागलीय. खायला काही आहे का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना खायला द्यायचं त्यांच्याच दारात ही बाई खायला मागते! पण आजींचा चेहरा पाहता पाहता बदलला. त्यांनी पदर खोचला. "अगंबाई, या ना, आत या. चटई घ्या. शिळी पोळी आहे, चालेल का? तेल-तिखट देते संगतीला." त्या खोलीत गेले कित्येक महिने कोणी पाहुणा आला नसावा. आजी लगबगीनं डबे खालीवर करत होत्या आणि त्यांच्या आवाजाला धार चढत होती. "तू रे, असा अवघडून का बसलास? सरळ बस. किती वाळलायस."

ताईजी शिळी पोळी चवीनं खात होत्या. खाता खाता त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. "कुकर वर का ठेवलाय, आजी?"

"रबर तुटलंय त्याचं. डाळ शिजतच नाही. अर्धीकच्ची मला चावत नाही. सोडून दिलं वरण खायचं."

बाहेर पडल्यावर ताईजी मला म्हणाल्या, "बघितलंस? आपण पाच किलो डाळ देऊन, फोटो काढून घरी गेलो असतो. डाळ भरपूर आहे तिच्याकडे. रबर पाहिजे."

असं त्या घरोघर जेवत हिंडल्या. एका जोडप्याकडे पीठ होतं, पण काकूंच्या बोटांना सांधेवातानं बाक आलेला, कणीक मळवेना. ताईजींनी शेजारच्या सुनेशी दोस्ती केली आणि तिच्या परातीत दोन माणसांची कणीक जास्त मळली जाऊ लागली. एका आजोबांना फक्त सोबत हवी होती. एकट्यानं घास उतरत नाही म्हणून ते चहावरच राहायचे.

मग ते एक घर. दार उघडलं ती बाई सोवळ्यातली वाटत होती. ताईजींनी नेहमीसारखं मागितलं. बाईंनी बसायला सांगितलं, चहाचं आधण ठेवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

ताईजींनी आडनाव सांगितलं. जसं असतं तसं, आवाज न चढवता, न उतरवता.

बाईंचा हात साखरेच्या डब्यावर तसाच राहिला. मग त्यांनी मांडणीवरचे कप सोडून खिडकीतला, वेगळा ठेवलेला एक स्टीलचा पेला उचलला आणि त्यात चहा ओतला. माझ्या कानशिलांना आग लागली. मी उठणार तोच ताईजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी चहा प्यायला. "आलं छान पडलंय," म्हणाल्या. मग उठून मोरीत पेला घासला, धुतला, आणि मांडणीवर, त्या घरातल्या इतर कपांच्या मधोमध, नेऊन ठेवला. "येते उद्या," म्हणाल्या.

रस्त्यावर मी फुटलो. "उद्या कशाला यायचं इथे?"

"तिच्या पायाला सूज आहे, दिसली नाही तुला? भाजी आणायला जात नसणार ती. नुसत्या चहा-तोसवर आहे." स्कूटरला किक मारत त्या म्हणाल्या, "तिचं मन हा तिचा मामला. माझं काम तिच्या पोटाशी आहे."

त्या जात राहिल्या. पेला रोज खिडकीतून निघायचा आणि ताईजी तो रोज मांडणीवर ठेवून यायच्या. एक दिवस बाईंनी मांडणीवरचा कप काढला.

ही माणसं घरात कशी शिरू देतात, असं मी एकदा विचारलं तेव्हा ताईजींनी महूचं सांगितलं. एप्रिलमध्ये जयंतीला देशभरातून लोक महूला येतात. त्यांच्या लहानपणी घराच्या अंगणात ओळखपाळख नसलेली माणसं जेवून जायची. "बाबा म्हणायचे, आपल्या ताटात जेवला तो परका राहत नाही. मी ते उलटं करून बघितलं. दुसऱ्याच्या ताटात मी जेवले तर मी परकी राहत नाही. तो पण राहत नाही."

इकडे पुणेसरांना मुख्यालयाचे फोन येत होते. बाकी शाखांचे फोटो पोचले, इंदूरचे कुठायत? शेवटी एका शनिवारी, ताईजींना सुट्टी असताना, ते स्वतःच गल्लीत गेले. संगती बॅनर, फोटोवाला आणि सामानानं भरलेल्या पिशव्या. माणूस वाईट नव्हता. पिशव्यांमध्ये या खेपेला चांगलं सामान होतं, निवडून आणलेलं.

पहिलं दार लागलं ते मिलवाल्या काकांचं. काकांचे वडील खानदेशातून गिरणीत कामाला आले होते आणि काकांनीही तिथेच मागावर जन्म काढला होता. बायको गेलेली. मुलगा सुरतेला, त्याचा फोन नाही. ताईजी अजून या दारापर्यंत पोचल्या नव्हत्या. काका बाहेर आले. गल्ली जमली. बॅनर धरला गेला. कोणीतरी काकांच्या हातात पिशवी दिली आणि फोटोवाला म्हणाला, "काका, इकडे बघा. थोडं हसा."

काकांनी पिशवी सावकाश खाली ठेवली. अगदी जपून, आतलं काही फुटू नये अशी. "मैंने मांगा था क्या, भिया?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ते दार मग उघडेना. शेजारीण म्हणाली, काका दूध घेत नाहीत, दुकानात जाताना दिसत नाहीत, हाकेला ओ देतात पण बाहेर येत नाहीत.

सोमवारी देवासनं हे ताईजींना सांगितलं. त्या सरळ पुणेसरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"त्यांची भूक त्यांनी घरात झाकून ठेवली होती. आपण ती गल्लीला दाखवलीत. आता ती पुन्हा झाकण्यासाठी त्यांना किती काळ उपाशी राहावे लागेल, याचा आपण विचार करावा."

पुणेसर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते आणि ताईजी गेल्यावरही तसेच उभे होते.

त्या दुपारी ताईजी काकांच्या पायरीवर जाऊन बसल्या. एप्रिल संपत आलेला, रस्ता तापलेला. बाजूला डबा, न उघडलेला. "काका, मी जेवायला आलेय," त्यांनी दाराला सांगितलं. जेवणाची सुट्टी संपली तशा त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गल्लीतल्या बायकांनी पोहे आणले, ताक आणलं. ताईजी हात जोडायच्या. "मी काकांची पाहुणी आहे. पाहुण्यानं दुसऱ्या घरी खायचं नसतं."

मला त्यांची काळजी होती. त्यांना साखरेचा विकार होता, वेळेवर जेवणं भागच होतं. मी डब्याचं झाकण काढायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

असे काही दिवस गेले. त्या दिवशी झळा फार होत्या. ताईजी बोलता बोलता गप्प झाल्या. मी पाहिलं तर कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे. "सांगली, मला जरा..." म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीवर कलंडल्या. मी ओरडलो. नक्की काय ओरडलो ते आठवत नाही.

कडी वाजली.

काका दारात उभे होते. गालफडं बसलेली, पण बंडी स्वच्छ, धुवट. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गुळाचा खडा. ते खाली वाकले. "खा बाई. खा आधी."

ताईजींनी गूळ तोंडात घेतला. पाणी प्यायल्या. थोड्या वेळानं डोळे उघडले आणि काकांकडे बघत म्हणाल्या, "आणखी आहे?"

काका अगदी हळू म्हणाले, "नाही बाई. और काही नाही."

मागे गल्ली जमली होती. ताईजी एका झटक्यात उठल्या, काकांना आत घेतलं, मला ओढलं आणि दार लावून घेतलं. काकांचं ते वाक्य त्यांनी गल्लीच्या कानावर पडू दिलं नाही.

आत सगळं लख्ख होतं. भांडी घासून उपडी घातलेली, शेगडी पुसलेली, डबे ओळीनं लावलेले आणि सगळे हलके. तो शेवटचा गूळ होता. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "कालपर्यंत होतं," म्हणाले.

आपण काहीही बोललो असतो तरी तो माणूस मोडला असता. ताईजी खाली बसल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "काका, तुम्ही खानदेशचे ना? मग शेवभाजी येते का नाही?"

काका वळले. "येते म्हणजे? मिलमध्ये पार्टी असली की मीच करत होतो. चाळीस माणसांची."

"मग उद्या मला शेवभाजी पाहिजे. झणझणीत. भाकरी पण. आणि हे बघा, आम्ही फौजी लोक. फौजी जिथे जेवतो तिथे आपला शिधा आधी पाठवतो. नियम आहे तो. सांगली, संध्याकाळी शिधा आणून दे."

असा नियम फौजेत आहे की नाही, मला माहीत नाही. काकांनाही माहीत नसावं. ते म्हणाले, "शेव जाडी आण, भिया. बारीक शेव रश्श्यात विरघळते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे जेवलो. ताईजी तिखटानं हाशहुश करत होत्या, त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काका त्यांना आणखी वाढत होते. काका स्वतः जेवायला बसले तेव्हा ताईजींनी मुद्दाम मान दुसरीकडे वळवली. कित्येक दिवसांनी जेवणाऱ्या माणसाचा पहिला घास कोणी बघू नये, असं त्यांना वाटलं असावं. मीही खाली बघितलं.

तिथून आमच्या ऑफिसचं वाटप बंद झालं आणि पाहुणचार सुरू झाला. ज्याचं त्यानं एक घर धरायचं. शिधा आधी पोचवायचा, त्या माणसाला झेपेल आणि पचेल असा, आणि ठरलेल्या दुपारी जाऊन त्याच्या पंक्तीला बसायचं. ज्यांना रांधणं जमत नाही त्यांच्याकडे आपण रांधायचं, पण चव त्यांनी सांगायची. उज्जैनला एका आजींनी खोबऱ्याच्या वड्या थापायला शिकवल्या. देवासचं लग्न तिनं धरलेल्या घरच्या आजोबांनी जवळजवळ जमवलंच होतं, ती कशीबशी सुटली.

पुणेसरांनी काकांचं घर मागून घेतलं. मी त्या दिवशी बरोबर होतो. काकांनी त्यांना लगेच ओळखलं. "तुम्ही फोटोवाले ना?"

"हो," पुणेसर म्हणाले. त्यांची मान खाली होती.

काकांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "मग नीट जेवा. भाकरी रश्श्यात कुस्करून घ्या, तसं चमच्यानं खाऊन काय कळणार?"

एरवी दुपारी नुसती काकडी खाणारे पुणेसर त्या दिवशी शर्टाच्या बाह्या सारून जेवले. मुख्यालयानं पुन्हा फोटो मागितले तेव्हा त्यांनी स्वतःच्या चाटूनपुसून साफ केलेल्या ताटाचा फोटो पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही. मुख्यालयानं पुढे काही विचारलं नाही.

दिवाळीच्या थोडं आधी ताईजींना डेंग्यू झाला. आम्ही सगळे फळं, नारळपाणी, सूप असं घेऊन महूला गेलो. ताईजी खिडकीशी आल्या. चेहरा पिवळा पडला होता, गजाला धरून उभ्या होत्या. "सगळं आहे माझ्याकडे. जा, काम पडलंय तिकडे," म्हणाल्या. दार उघडलं नाही. फळं आम्ही खिडकीत ठेवून आलो. ती दुसऱ्या दिवशी महूच्या बसमधून, कंडक्टरच्या हाती, ऑफिसात परत आली.

सगळ्या परदेशीपुऱ्यात दारोदार मागून खाणाऱ्या बाईला दुसऱ्यानं दारात आणून दिलेलं एक सफरचंद घेता येत नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि पहिल्यांदाच त्यांची भीती वाटेनाशी झाली.

अधूनमधून मीही काकांकडे जेवायचो; असंच एकदा जेवताना मी हे त्यांना सांगितलं. माझं ताट झालं, काकांनी ते घासलं, पांढरा सदरा चढवला, एका पिशवीत थोडे तांदूळ आणि मुगाची डाळ घेतली. "चल," म्हणाले.

महूला पोचल्यावर त्यांनी दार वाजवलंच नाही. घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेले, स्वयंपाकघराची कडी नुसती अडकवलेली होती ती काढली आणि आत शिरले. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "कोण आहे तिकडे?"

"मी आहे, बाई. माचिस कुठंय?"

"काका? मला काही नको. आपण कृपया परत जावे."

"मी विचारलं का, तुला काय पाहिजे म्हणून?"

काका डबे उघडत होते आणि मी त्यांच्या मागे उभा होतो. चहापत्ती, साखर, तोसाचा पुडा. बाकी डबे रिकामे, आणि आजचे नव्हे, फार दिवसांचे. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. त्यांची आई गेल्यापासून या घरात चूल पेटली नसावी. खाणावळीचा डबा तेवढा यायचा आणि तो त्या आम्हाला खाऊ घालायच्या. दारोदार "भूक लागलीय" म्हणायच्या तेव्हा मला ती एक युक्ती वाटायची. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

काकांनी डब्यांची झाकणं पुन्हा लावली, हळूच, आवाज न करता. मग खिचडी टाकली. मऊ, बिनतिखटाची, वर थोडं हिंगजिरं. शिजायला लागली तसा घरभर वास पसरला आणि बाहेरच्या खोलीतलं 'आपण' आणि 'कृपया' बंद झालं.

बुद्धाच्या तसबिरीखाली पलंगावर ताईजी शाल गुंडाळून बसल्या होत्या. पाय अनवाणी. ते पाय मी पहिल्यांदा पाहिले, लहान होते. काकांनी त्यांच्या मांडीवर ताट ठेवलं. दुसरं ताट नव्हतं म्हणून स्वतः पातेल्याच्या झाकणात घेतलं, मला वाटीत दिलं आणि आम्ही दोघं खाली बसलो. काकांनी मान दुसरीकडे वळवली. मग मीही वळवली.

थोड्या वेळानं ताईजींचा आवाज आला. बसलेला, तापातला.

"मीठ कमी आहे."

"उद्या जास्त घालतो," काका म्हणाले.

मी वर बघितलं. उद्या येऊ नका असं ताईजी आता म्हणणार, म्हणून मी थांबलो. त्या काकांकडे पाहत होत्या. मग त्यांनी रिकामं ताट उचललं आणि दोन्ही हातांनी काकांपुढे केलं.